पुढच्यास ठेच, मागच्यास दिवा

आपल्याला दिसावं म्हणून लावलेला दिवा आणि आपण दिसावं म्हणून लावलेला दिवा, असे दिव्यांचे मुळात दोनच प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात स्वयंपाकघरातला बल्ब, उशाखालचा टॉर्च आणि आमच्या कोकणात एके काळी रात्रीची वाट तुडवताना पेटवायची ती नारळाच्या झावळ्यांची चूड हे सगळे येतात. दुसऱ्यात लग्नाच्या मांडवावरची रोषणाई येते आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे झगमगते फलकही येतात. पहिला प्रकार गरजेचा, दुसरा हौसेचा. इथपर्यंत कोणाची तक्रार नसावी.

पण वाहनाच्या मागे जो एक लाल दिवा असतो, तो या दोन्ही खात्यांत नीट बसत नाही. त्याच्या उजेडात आपल्याला काही दिसत नाही. त्यात आपण दिसतो खरे, पण त्याने आपली शोभा वाढत नाही. उलट तो सांगतो की, बाबा रे, मी इथे आहे, तू जपून ये. दिवा आपला, बॅटरी आपली, वायर आपल्या पैशाची. आणि फायदा मागून येणाऱ्या अशा माणसाचा, ज्याचं नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायची शक्यताही नाही. पंचवीस वर्षं बँकेत नावं-टिपणं करून माझी अशी समजूत झाली आहे की, ज्याच्या खाती खर्च त्याच्याच खाती जमा, हा व्यवहार. आणि एकाच्या खाती खर्च, दुसऱ्याच्या खाती जमा, ही एक तर अफरातफर किंवा नीती. मागचा दिवा यातलं काय, हा प्रश्न मला आमच्या मेहुण्याच्या ट्रेलरने घातला.

हा मेहुणा कोल्हापूरचा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन हिंडणाऱ्यांना सरकारने उत्तेजन दिलं. ते उत्तेजन आमच्या मेहुण्याला जरा जास्तच लागू पडलं. अख्खी कॅरॅव्हॅन परवडणारी नव्हती, म्हणून त्याने उद्यमनगरात गाडीमागे ओढायचा एक छोटा ट्रेलर बनवून घेतला. आत दोन माणसं आडवी होतील आणि तिसरं त्यांच्याकडे बघत बसेल, एवढी जागा. सांगाडा, पत्रा, चाकं सगळं कोल्हापुरात झालं. वायरिंगसाठी मात्र तो ट्रेलर मे महिन्यात अणुस्कुऱ्याच्या घाटाने राजापूरला आमच्या खळ्यात आला. कारण आमच्या ओळखीचा मेस्त्री चांगला आणि स्वस्त. विजेच्या बाबतीत आम्हां राजापूरकरांचा अनुभवही दांडगा. आमच्याकडे उन्हाळ्याची गंगा अशीच अवचित येते, चौदा कुंडं भरते आणि कोणाला न विचारता निघून जाते. विजेचं येणं-जाणंही आम्ही त्याच भाविकतेने घेत आलो आहोत.

मेहुण्याने कागदावर आराखडा आणला होता. आत छताला दोन दिवे, पलंगाच्या कडेने निळ्या एलईडीची पट्टी, दाराशी पिवळी पट्टी, गाण्यांचा डबा, मोबाइलसाठी चार भोकं आणि एक छोटा बारा व्होल्टवर चालणारा फ्रीज. हे सगळं वहीच्या दीड पानात. पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘मागचे दिवे’ एवढे दोन शब्द होते.

मेस्त्रीने पान वाचलं आणि विचारलं, “पाहुणे, बॅटरी केवढी?”

“शंभरची.”

शंभर म्हणजे शंभर अँपियर-अवर. एक अँपियर शंभर तास काढा, नाही तर दहा अँपियर दहा तास काढा, असा त्याचा ढोबळ हिशेब. मला ही भाषा ऐकताक्षणी कळली, कारण ती पासबुकाची भाषा आहे. शिवाय ही बॅटरी होती शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल यांची, गास्तों प्लान्ते या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली काढलेल्या वाणाची. या वाणाला निम्म्याच्या खाली वारंवार उतरवलं तर ती लवकर म्हातारी होते. म्हणजे खात्यात शंभर, पण मिनिमम बॅलन्स पन्नास. ज्या पन्नासांना हात लावायचा नाही त्यांचा अभिमान बाळगायचा आणि उरलेल्या पन्नासांत संसार करायचा. मध्यमवर्गीयाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

घरच्या विजेचं तसं नाही. ती भिंतीतून येते, कुठून येते ते आपण बघत नाही. आपल्याच जिल्ह्यात पोफळीला कोयनेचं पाणी डोंगरातून कोसळतं आणि १९६२ पासून त्याची वीज होते, याची आठवण पंखा लावताना कोणाला होते? महिन्याने बिल येतं तेव्हा आपण हळहळतो आणि पुन्हा पंखा लावतो. बिल हा पश्चात्ताप आहे, तो नेहमी कृत्यानंतर येतो. बॅटरीवरचा तो छोटा व्होल्टमीटर मात्र समोर बसून बघत असतो. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. बटणाकडे बोट जाण्याआधीच तो म्हणतो, विचार करून बघ.

मेस्त्रीने आतली वायर ओढायला घेतली. मेहुण्याने आतल्यासाठी अडीच एमएमची उत्तम तांब्याची वायर आणली होती आणि मागच्या दिव्यांसाठी घरातली कुठली तरी उरलेली, सुतळीपेक्षा किंचित जाड. मेस्त्रीने ती दोन बोटांत धरून माझ्याकडे पाहिलं. “साहेब, ही बदला. बारा व्होल्टला असली वायर चालत नाही.”

“आमच्या घरात तसलीच आहे की,” मेहुणा म्हणाला.

मग मेस्त्रीने जे सांगितलं ते मला अर्थशास्त्राच्या एकाही प्राध्यापकाने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. घरात दोनशे तीस व्होल्ट असतात. वाटेत वायरीने दोन खाल्ले तर कोणाला पत्ता लागत नाही. ट्रेलरला मुळात बाराच. त्यातले दोन वाटेत गेले, तर बल्बचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. शिवाय तेवढंच काम करायचं तर कमी व्होल्टला जास्त करंट वाहावा लागतो. घरातला साठ वॅटचा बल्ब पाव अँपियरवर भागवतो, बारा व्होल्टचा तेवढाच बल्ब पाच अँपियर मागतो. म्हणजे पातळ वायरीत गळतीही जास्त. “श्रीमंताचे दोन रुपये हरवले काय आणि गरिबाचे हरवले काय, साहेब,” मेस्त्री म्हणाला, “हरवतात दोनच, पण एकाचा चहा चुकतो.”

मेहुणा ऐकेना. पैसे संपत आले होते आणि गाण्यांचा डबा अजून यायचा होता. “दाजी, तुम्हीच सांगा,” तो मला म्हणाला, “आतला दिवा मी रोज बघणार. मागचा मी जन्मात बघणार नाही. मग चांगली वायर कुठं घालू?”

प्रश्न उर्मट होता, पण प्रामाणिक होता. आणि हाच प्रश्न माणसं हजारो वर्षं वेगवेगळ्या शब्दांत विचारत आली आहेत. जे मला दिसणार नाही, ज्याचं मला कोणी श्रेय देणार नाही, ते मी नीट का करावं?

याचं एक तयार उत्तर असतं, ते मी दिलं. “अरे, मागून कोणी येऊन आदळेल ना.” हे उत्तर त्याला लगेच पटलं, आणि तो पटल्याबरोबर मला पटेनासं झालं. कारण मग तो दिवा मागच्यासाठी उरला नाही, तो स्वतःच्या पत्र्यासाठी झाला. कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. हा दुकानदार लहान मुलालाही इतरांसारख्याच भावात माल देतो, पण का, तर धंद्याची पत टिकावी म्हणून. कान्ट म्हणतो, वागणं बरोबर, पण त्याला नीती म्हणू नका. मला हे जरा कडक वाटतं. आमच्या बाजारपेठेत असा दुकानदार मिळाला तर मी कान्टला न विचारता त्याच्याकडे खातं उघडीन. तरी त्याचा मुद्दा खोडता येत नाही. ज्याला मागून धडकेची भीतीच नाही, त्याने दिवा लावावा की नाही?

आणि अशी माणसं आहेत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या रस्त्यांनी संध्याकाळी गाडी चालवून बघा. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर छपराएवढा ऊस, त्याचे शेंडे मागे एवढे लोंबलेले की दिवा असलाच तर त्यांच्या आड गेलेला. ट्रॅक्टरवाल्याला पुढे हेडलाइट आहे, त्याला रस्ता दिसतो, त्याचं भागतं. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या पोराला मात्र ती ट्रॉली रस्त्यासारखीच काळी दिसते. दर हंगामात अशा धडका होतात, माणसं जातात. दर हंगामात पोलीस आणि कारखाने ट्रॉल्यांना लाल कापडं आणि रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात. धडकेत ट्रॉलीचं फारसं काही बिघडत नाही. चार ऊस मोडतात. एक लाल पट्टी लावायचा खर्च एकाच्या खाती, आणि न लावल्याचा खर्च एका भलत्याच घरात, जिथे रात्री उशिरापर्यंत कोणी तरी दाराकडे बघत बसलेलं असतं.

मेहुण्यानेही या ट्रॉल्या पाहिल्या होत्या. तो काही बोलला नाही, पण बाजारात जाऊन नवी वायर घेऊन आला. दिवे मात्र त्याने आत एलईडीचे घातले आणि मागे जुने, भंगारातून आणलेले बल्बचेच ठेवले. सद्बुद्धीलाही हप्ते पडतात.

दिवे लावून बघितले तर आणखी एक गंमत. डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा लुकलुकायचा, आणि ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मंद पेटायचे. मेस्त्री खाली सरपटत गेला आणि आतून त्याचा आवाज आला, “साहेब, ह्याला अर्थच नाही!”

मेहुण्याला वाटलं, हे त्याच्या एकूण उपक्रमाबद्दल आहे. ते अर्थिंगबद्दल होतं. दिव्यातून गेलेल्या करंटला बॅटरीकडे परत यायला सांगाड्यातून वाट लागते, तिला मेस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. सांगाड्याला नवा रंग दिला होता आणि रंगावरच वायर आवळली होती. त्यामुळे वाट बंद, आणि बिचारा करंट शेजारच्या दिव्यातून परतीचा रस्ता शोधत होता. मेस्त्रीने रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला आणि सगळे दिवे शहाण्यासारखे वागू लागले. वरचा रंग खरवडल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे मी तेव्हापासून बऱ्याच भाषणांना लावून पाहिलं आहे.

जाता जाता मेस्त्रीने न मागता एक जास्तीचं बटण बसवलं. वाहन चालू असताना मागचे दिवे गाडीच्या विजेवर चालतात. पण ट्रेलर गाडीपासून सुटा करून कुठे उभा करावा लागला तर? म्हणून मागचे दिवे ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर लावायचं हे बटण. “लागलं तर असूं दे,” तो म्हणाला.

ते दिवाळीत लागलं. आम्ही पाडव्याला सासुरवाडीला गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या भाऊबिजेसाठी मेहुणा आम्हाला ट्रेलरसकट राजापूरला घेऊन निघाला होता. बरोबर सासूबाई. रात्री दहाच्या सुमाराला अणुस्कुरा घाटात एका वळणाच्या अलीकडे ट्रेलरच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं. एक बाजू कशीबशी कडेला घेतली, दुसरी रस्त्यातच. धुकं उतरू लागलेलं, मोबाइलला रेंज नाही. मेहुणा गाडी सोडवून पाचलकडे कोणी मिळतं का बघायला गेला. सासूबाईंना घाटाची वळणं आधीच लागली होती, त्या पुन्हा गाडीत बसायला तयार नव्हत्या. त्या, ही आणि मी मागे राहिलो. चाकांना दगड लावले, ट्रेलरच्या मागे वीस पावलांवर दगडांची रांग आणि झाडाच्या फांद्या ठेवल्या, सासूबाईंना घोंगडी टाकून कठड्याच्या आतल्या बाजूला बसवलं, आणि मी मेस्त्रीचं बटण दाबलं. मागे लाल उजेड आला, इंडिकेटर टिकटिकू लागले.

मग मी व्होल्टमीटर बघितला आणि बँकेतला माणूस जे करतो ते केलं. वापरायला पन्नास. सकाळपासून फ्रीज, निळी पट्टी आणि गाण्यांचा डबा यांनी पंचवीस खाल्लेले. शिल्लक पंचवीस. मागचे दोन पाच-पाच वॅटचे आणि इंडिकेटरचे दोन एकवीस-एकवीस वॅटचे, तेही निम्माच वेळ पेटणारे; मिळून सरासरी एकतीस वॅट, म्हणजे अडीच अँपियरच्या थोडं वर. उजाडायला आठ तास. लागणार एकवीस. आत फ्रीज दोन अँपियर, दिवे-पट्ट्या एक, आठ तासांचे चोवीस. एकवीस आणि चोवीस पंचेचाळीस, खात्यात पंचवीस. दोनपैकी एकच चेक वटणार होता.

“फ्रीजमध्ये काय आहे?” मी विचारलं.

“तीन लिटर बासुंदी,” ही म्हणाली. “भाऊबिजेची. आणि आईला अंधारात बसवत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

म्हणजे एका पारड्यात सख्ख्या सासूबाई आणि त्यांनी दोन तास ढवळून आटवलेली बासुंदी, आणि दुसऱ्यात अशी माणसं जी कदाचित येणारही नाहीत. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हा प्रश्न सोपा असतो, कारण त्यात सासूबाई नसतात. मी गप्प राहिलो. बोलल्या त्याच. “जावईबापू, ते आतलं निळं-पिवळं सगळं बंद करा. मागचे राहू द्यात. आम्ही अंधारात आहोत हे आम्हाला माहीत आहे. मागनं येणाऱ्याला माहीत नाही.”

मी आतलं सगळं बंद केलं. बासुंदी नासण्यापूर्वी तिचा योग्य विनियोग करावा असं सर्वानुमते ठरलं आणि मध्यरात्री, कठड्याआड, लाल दिवा पेटेल तेव्हा वाटी दिसेल आणि विझेल तेव्हा अंदाजाने, अशी आम्ही ती खाल्ली. मेहुण्याचा वाटा ठेवला.

रात्रभरात चौदा गाड्या वरून खाली आल्या. मी मोजल्या, दुसरं काम नव्हतं. भाजीचे टेंपो, दुधाची गाडी, जीपा, एक एसटी. प्रत्येक गाडी वळणावरून येताना दिसायची, लाल दिवा बघून हळू व्हायची, बाजूने निघून जायची. थांबलं कोणीच नाही. एका ट्रकने हॉर्न दिला. ते आभार होते की शिवी, हे हॉर्नच्या भाषेत स्पष्ट होत नाही. चौदा गाड्या चौदा घरी पोचल्या असतील. तिथे कोणीही म्हणालं नसेल की आज घाटात एक दिवा होता म्हणून मी आलो. कारण त्यांच्या दृष्टीने काही घडलंच नाही.

इथे माझी हिशेबाची विद्या संपली. झालेला अपघात रजिस्टरमध्ये लिहिता येतो, त्याला तारीख, वेळ, पंचनामा असतो. न झालेल्या अपघाताला काही नसतं. दीपगृहांचंही तसंच. आमच्याच तालुक्यात जैतापूरला समुद्राकाठी दीपगृह आहे. त्याच्यामुळे किती तारवं खडकावर गेली नाहीत, याची नोंद कुठल्या वहीत असणार? चांगुलपणाचा बराचसा जमाखर्च अशा न घडलेल्या गोष्टींत असतो, म्हणून तो कधी टॅली होत नाही आणि म्हणून कोणाला बढती मिळत नाही. आपल्याकडे म्हण आहे, ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’. ती खरी आहे, पण तिच्यात मागच्याला शहाणं करण्यासाठी पुढच्याला दर वेळी ठेचकाळावं लागतं. मागचा दिवा तेच शहाणपण कोणाचाही अंगठा न फोडता देतो.

पहाटे मेहुणा पाचलहून मेकॅनिकला घेऊन आला. बटण बंद करून मी मीटर बघितला, १२.२. बॅटरी बरोबर निम्म्यावर राहिली होती. बेअरिंग बसलं, ट्रेलर जोडला, मेहुणा आपल्या वाटीतली बासुंदी उभ्यानेच संपवून स्टिअरिंगवर बसला. सासूबाई मात्र खालीच उभ्या.

“बाळा, ते दगड?”

“आई, उशीर झालाय. कडेलाच आहेत की.”

“कडेला न्हाईत, वाटेत आहेत. दिवा तर तू घेऊन निघालास. आता ते दगड कुणाला दिसणार?”

आपल्या कुठल्याही घाटात बघा, बंद पडलेल्या ट्रकच्या मागे ठेवलेले असे दगड तसेच पडलेले असतात. ट्रक केव्हाच गेलेला असतो. गरज असताना ते इशारा होते, गरज संपल्यावर तेच सापळा झाले. ठेवणारा माणूस दोन्ही वेळी एकच, फक्त मधल्या काळात त्याचं चाक दुरुस्त झालेलं असतं. कान्टने दुकानदाराऐवजी हे दगड घेतले असते तर त्याला पुस्तक अर्ध्यात आवरता आलं असतं. ठेवताना भीतीही असू शकते. उचलताना मात्र मागच्याशिवाय दुसरं कोणी मनात असू शकत नाही.

मेहुण्याने उतरून एकेक दगड उचलला आणि फांद्या दरीच्या बाजूला टाकल्या. पुढच्या महिन्यात त्याने मागचे बल्ब काढून तिथेही एलईडी बसवले. आता सगळे मिळून अर्धा अँपियरसुद्धा घेत नाहीत. सत्कृत्य इतकं स्वस्त झालं तर त्याचं पुण्यही कमी होतं का, असा त्याने मला विचारलेला प्रश्न मी अजून विचारार्थ ठेवला आहे.

एक मात्र एलईडीनेही बदललेलं नाही. आपल्या वाहनाचा ब्रेकचा दिवा लागतो की नाही, हे एकट्याने बघता येत नाही. ब्रेक दाबायला आपण पुढे असतो आणि दिवा मागे असतो. म्हणून निघताना मेहुणा आत बसतो, मी मागे उभा राहतो. तो पाय दाबून ओरडतो, “दाजी, लागला का?” मी ओरडतो, “लागला!” मग तो गाडी सुरू करतो.